लोकसंगीत आणि रॉक मिसळून रघू दीक्षितसारखं करिअर करता येईल का? नोकरी सोडू का?

येईल की. पण ज्या रघूचं नाव घेताय तो मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेला, भरतनाट्यम शिकलेला गडी आहे. विशाल-शेखरनी त्याचा पहिला अल्बम 2008 साली काढला, तेव्हा त्याची तिशी उलटली होती. तो कर्नाटकातले संतकवी शिशुनाळ शरीफ यांची पदं गिटारवर गातो ती कन्नडमध्येच, आणि तेच घेऊन 2011 ला इंग्लंडातल्या ग्लॅस्टनबरी संगीत महोत्सवाला जाऊन आला.

इंदूरला आमचाही बँड होता. माळव्यातली कबीराची पदं, सोबत ड्रम्स. देवासकडच्या खेड्यातले एक बाबा तंबुऱ्याला यायचे. बैठकीतला तंबुरा नव्हे हा, पाच तारांचा. गाणाराच छेडतो, दुसऱ्या हातात करताल. बाबा तारा लावणार त्या स्वतःच्या गळ्याला. काळी दोन पट्टीच्या किंचित वर, ट्यूनर काही का दाखवेना. आमचा गिटारिस्ट म्हणे, बाबांनी उतरावं. मी म्हटलं, तू चढ. कीबोर्डचा मास्टर ट्यून सरकवला, गिटारच्या तारा जराशा ताणल्या, कॅपो (सूर चढवायचा चिमटा) लावला, झालं! एवढ्यावरून अबोला.

मग गणेशोत्सवात एका मंडळाचं फर्मान आलं, म्हातारबाबांना मागे बसवा, पुढे तरुण चेहरे दिसू देत. गिटारिस्टाला लगेच पटलं. मी बाबांना मधल्या माइकपाशीच बसवलं. पुढच्या वर्षी बोलावणं नाही, आणि बँडही नाही. माझ्या हट्टापायी मोडला असं तो अजून सांगत फिरतो. मोडला तर मोडला. लोकसंगीत हवं आणि ते गाणारा माणूस अडचणीचा, हे कुठलं फ्यूजन?

वर घरच्यांचं आहेच: कुमारजींच्या (कुमार गंधर्वांच्या) देवासजवळ राहून हा धांगडधिंगा! अहो, माळव्याच्या लोकधुनांतूनच कुमारजींनी राग बांधले ना? धुनउगम राग म्हणता, माना डोलावता, आणि तीच धून गिटारवर आली की कपाळाला आठ्या.

हां, नोकरीचं राहिलंच. प्रह्लादसिंह टिपानिया सरकारी शाळेत शिकवत शिकवत कबीर गायले, 2011 ला पद्मश्री मिळाली. घरभाडं तुमच्या पगारातून जात असेल तर इतक्यात राजीनामा देऊ नका. आणि पद कबीराचं असलं तरी चाल ज्याच्याकडून घ्याल त्याला विचारून घ्या, मानधनातला त्याचा वाटा आधीच ठरवा. आमच्याकडे सगळ्यांना सारखा होता. गिटारिस्टाचं त्यावरही वेगळं म्हणणं होतं.