सेट टॉप बॉक्समध्ये इंटरलीव्हिंग असतं, तरी पावसात चित्र का जातं?

तुम्ही नेरूळला राहता, गच्चीवर डिश आहे. सिग्नलमध्ये सलग आलेल्या चुका ‘बिट इंटरलीव्हिंग’मुळे, म्हणजे माहिती विखरून पाठवायच्या युक्तीमुळे, भरून निघतात असं तुम्ही वाचलंत, आणि तरीही जुलैतल्या सरीत स्क्रीन काळी का पडते, असं विचारलंय. थोडक्यात सांगायचं तर सर फार लांब असते. किती लांब, ते खाली हिशेबाने दाखवतो. मी ठाण्यात काही वर्षं केबलच्या हेडएंडवर, म्हणजे जिथून घरोघरी सिग्नल सोडतात त्या केंद्रावर, काढली आहेत, त्यामुळे आकडे केबलचे देतोय.

आधी ही युक्ती बघा. आपल्याकडची चार स्टेशनं घ्या, प्रत्येकी चार अक्षरांची:

घ ण सो ली
सा न पा डा
बे ला पू र
खा र घ र

ही आडवी पाठवली आणि वाटेत सलग चार अक्षरं उडाली, तर सानपाडा अख्खं गेलं. तिथे पनवेल होतं की सानपाडा, हे कोणीच सांगू शकणार नाही. आता तीच अक्षरं उभी पाठवा: घ सा बे खा, ण न ला र, सो पा पू घ, ली डा र र. यातली सलग कुठलीही चार उडवा. समजा ‘ण न ला र’ गेली. पलीकडे पुन्हा आडवी मांडल्यावर हाती येतं: घ-सोली, सा-पाडा, बे-पूर, खा-घर. चार अक्षरं तशीही गेलीच, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच आलं, आणि तेवढं तुम्ही सहज भरून काढलंत.

तुम्हाला स्टेशनं पाठ आहेत म्हणून जमलं. बॉक्सला काहीच पाठ नसतं, म्हणून त्याला जादा माहिती सोबत द्यावी लागते. चित्राचं पॅकेट १८८ बाइटचं असतं. त्याला रीड-सॉलोमन कोडचे १६ बाइट जोडून २०४ चं करतात, आणि त्या जोरावर २०४ पैकी कुठलेही ८ बाइट बिघडले तरी बॉक्स ते अचूक दुरुस्त करतो. एका पॅकेटमध्ये नववा बिघडला की ते पॅकेट हातचं गेलं. म्हणून सगळी धडपड एकाच पॅकेटवर सगळा मार बसू नये यासाठी. केबलमध्ये आणि जुन्या पद्धतीच्या डिशमध्ये बाइट १२ वाटांनी फिरवले जातात, त्यामुळे सलग १२ × ८ = ९६ बाइटपर्यंतचा घाव पचतो.

इथे एक दुरुस्ती. या टप्प्यावर फिरवतात ते बाइट, बिट नव्हे. रीड-सॉलोमनच्या लेखी बाइटमधला एक बिट बिघडला काय आणि आठही बिघडले काय, मोजला जातो एकच बाइट. बिट सुटे करून विखुरले तर उलट जास्त बाइट नासतील! बिटची अदलाबदल येते डीव्हीबी-एस२ मध्ये, म्हणजे डिशवरच्या एचडी चॅनलांसाठी साधारण जी पद्धत असते तिच्यात. तिथे ६४,८०० बिटांची फ्रेम असते. सिग्नल ८पीएसके पद्धतीचा असेल तर ती २१,६०० च्या तीन उभ्या रकान्यांत भरतात आणि आडवी वाचतात. एका सिम्बॉलमध्ये, म्हणजे सिग्नलच्या एका ठोक्यात, तीन बिट जातात, ते मूळ फ्रेममध्ये एकमेकांपासून २१,६०० जागा दूर असतात. क्यूपीएसके, म्हणजे ठोक्याला दोनच बिट, असेल तर ही अदलाबदल करतच नाहीत.

आता वेळेचा हिशेब. केबलवर ६४ क्यूएएम, म्हणजे सिम्बॉलला सहा बिट, आणि सिम्बॉल रेट ६८७५, म्हणजे सेकंदाला ६८.७५ लाख सिम्बॉल, असेल तर सेकंदाला ४.१२५ कोटी बिट जातात. ९६ बाइट म्हणजे ७६८ बिट, म्हणजे जेमतेम १८ मायक्रोसेकंद. ट्यूबच्या स्टार्टरची ठिणगी, बाइकचं इग्निशन, एवढ्यापुरतंच हे चिलखत. कळव्याच्या एका सोसायटीत लिफ्ट सुरू झाली की बी विंगमध्ये चित्राचे चौकोन व्हायचे. मी मीटर लावला: लेव्हल छान, एमईआर (सिग्नल किती स्वच्छ आहे त्याचं माप) ३४ डेसिबल, म्हणजे तोही छान. दोन खेपा मी ‘तुमचा टीव्हीच खराब’ म्हणून परत आलो, हे कबूल करतो. एमईआर ही सरासरी असते, क्षणभराची ठिणगी तिच्यात दिसत नाही. तिसऱ्या खेपेला लिफ्ट वर-खाली करायला लावून दुरुस्तीनंतर उरलेल्या चुकांचा आकडा बघत बसलो, तर दर वेळी तो टुणकन उडी मारायचा. मशीन रूमजवळच्या स्प्लिटरचा कनेक्टर सैल होता, आतली जाळी गंजलेली. कनेक्टर बदलला आणि संपलं.

तुमची सर मात्र पाच मिनिटं चालते. तेवढा वेळ सिग्नल पूर्ण गेला आणि दुरुस्तीची ताकद २०४ ला ८, म्हणजे चार टक्क्यांच्या आत, तर ती पाच मिनिटं निदान १२७ मिनिटांच्या प्रक्षेपणात पसरवावी लागतील. म्हणजे प्रत्येक चित्र दोन तासांहून उशिरा दिसणार. केबल घेतलेल्या शेजाऱ्यांच्या घरात विकेटचा जल्लोष होऊन, जेवणं उरकून, ते झोपायला गेले की मग तुमच्याकडे तो फलंदाज बाद होणार. हल्ली केबलवर ही फिरवाफिरवी अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी वेळ खाते, म्हणून तुम्हाला ती जाणवतही नाही.

पावसावर इलाज वेगळा आहे: कोरड्या दिवशी सिग्नल जितका वर, तितकी मोठी सर तो झेलतो. बॉक्सच्या मेनूत स्ट्रेंग्थकडे नको, क्वालिटीकडे बघा आणि आकडा लिहून ठेवा. डिश केसभर जरी हलली असेल तरी तो पडतो. एलएनबीच्या (डिशच्या पुढे दांड्यावर असतो त्या डबीच्या) कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय का तेही पाहा, नेरूळच्या खाऱ्या हवेत ते लवकर गंजतात. आणि लख्ख उन्हातही चौकोन पडत असतील, तर ते कुठल्या वेळी पडतात आणि तेव्हा इमारतीत काय सुरू होतं, तेवढं इथे कळवा.