सर्व्हिस पोर्टलवरील फॉर्मचे रकाने आणि त्यांचे रूप कसे बदलावे?

तुमच्या कार्यालयातील सर्व्हिसनाऊ पोर्टलवर, म्हणजे कर्मचारी आपल्या मागण्या नोंदवतात त्या संकेतस्थळावर, तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत. फॉर्मचे रकाने शेजारी-शेजारी आणायचे आहेत, रंग संस्थेच्या बोधचिन्हाशी जुळवायचे आहेत, आणि सगळा फॉर्म एकाच स्क्रीनवर मावावा म्हणून रकान्यांची उंची कमी करायची आहे. हे वरून सीएसएस (पानाचे रंग-आकार ठरवणारे नियम) लादून करावे की विजेट क्लोन करून, म्हणजे पोर्टलच्या तयार घटकाची प्रत काढून ती बदलून, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. तिसरी मात्र करू नका.

सोपे आधी सांगतो. रंग आणि लोगो ब्रँडिंग एडिटरमधून बदला. तेथे जे मिळत नाही ते थीमच्या (पोर्टलच्या एकूण रूपाच्या) व्हेरिएबलमधून किंवा थीमला जोडलेल्या सीएसएस इन्क्लूडमधून करा. दोन रकाने एका ओळीत हवे असतील तर कंटेनर स्टार्ट, कंटेनर स्प्लिट आणि कंटेनर एंड हे व्हेरिएबलचे (येथे फॉर्मच्या रकान्यांना व्हेरिएबल म्हणतात) प्रकार त्यासाठीच आहेत, त्याला सीएसएसची गरज नाही. रकाना कधी दिसावा आणि कधी सक्तीचा असावा हे कॅटलॉग यूआय पॉलिसीत, म्हणजे कोड न लिहिता ठरवता येणाऱ्या नियमांत, ठेवा. क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) लिहिलीच तर तिचा यूआय टाइप ‘ऑल’ करा, तो ‘डेस्कटॉप’ राहिला तर ती पोर्टलवर चालणारच नाही आणि दोष कोठे आहे हे शोधण्यात दिवस जाईल. स्क्रिप्टमधून थेट पानाच्या डॉमला, म्हणजे ब्राउझरमधील त्याच्या अंतर्गत रचनेला, हात लावू नका. सर्व्हिसनाऊच्या वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात, आणि असे जोडकाम अपग्रेडमध्ये केव्हा निखळेल याचा भरवसा नसतो.

आता उंचीविषयी. मी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कास्टिंग कारखान्याच्या आयटी विभागात आहे. आमच्याकडे मोल्डिंग, भट्टी आणि फेटलिंगला (ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या कामाला) असलेले कामगार येळ्ळूर, मच्छे, कंग्राळी, खानापूर या बाजूंनी येतात, तसेच बैलहोंगल आणि सौंदत्तीकडूनही येतात. म्हणजे एकाच शिफ्टमध्ये मराठीत नाव लिहिणारे आणि कन्नडमध्ये नाव लिहिणारे असे दोन्ही लोक असतात. सुरक्षा बूट, गेट पास, ओव्हरटाइमची दुरुस्ती अशा मागण्यांसाठी कागदी फॉर्म बंद करून पोर्टल आणायचे ठरले आणि टाइम ऑफिसच्या बाहेर एक टच स्क्रीन बसवला गेला. मुख्य कार्यालयाने नेमलेल्या सल्लागाराने फॉर्म तयार केले. रूप म्हणजे रंग, लोगो आणि सर्व कारखान्यांत एकसारखेपणा, अशी त्यांची व्याख्या होती, आणि बैठकीत पडद्यावर दाखवताना सगळा फॉर्म स्क्रोल न करता दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

सर्व्हिस पोर्टलच्या मुळाशी बूटस्ट्रॅप ३ हा वेबपानांच्या मांडणीचा तयार संच आहे. त्यात रकान्याची उंची ३४ पिक्सेल असते. वर-खाली ६-६ पिक्सेलची मोकळी जागा आणि कडेच्या रेषा वजा केल्या की अक्षरांसाठी २० पिक्सेल उरतात, आणि १४ पिक्सेलच्या अक्षराला ती ओळीची उंची पुरते. हे गणित रोमन अक्षरांवर बेतलेले आहे. सल्लागाराने उंची २८ केली, म्हणजे अक्षरांना १४ पिक्सेल उरले. इंग्रजी मजकूर तेवढ्यातही दिसला, म्हणून बैठकीत कोणाच्या लक्षात आले नाही. प्रत्यक्षात मात्र देवनागरीची वरची वेलांटी आणि रफार छाटले गेले, खालचा उकार रेषेत गेला, आणि कन्नडमधील अक्षराखाली लिहिली जाणारी जोडव्यंजने तर दिसेनाशीच झाली. त्यावर लेबलांना ‘उठाव’ यावा म्हणून त्यांनी अक्षरांमधील अंतर वाढवले होते, त्यामुळे मराठी लेबलांची शिरोरेषा तुटून प्रत्येक अक्षर सुटे झाले. देवनागरीला लेटर-स्पेसिंग कधीही लावू नये.

फेटलिंगमधले एक वयस्कर मामा बुटांची मागणी भरायला आले तेव्हा मी तेथे होतो. ते म्हणाले, “साहेब, माझं नाव यात बसेना झालंय बघा.” मला आधी उंचीचाच दोष वाटला, पण नाव खरोखरच स्वीकारले जात नव्हते. नावाच्या रकान्यावर पडताळणीचा नियम होता आणि तो फक्त रोमन अक्षरे मान्य करीत होता. आम्ही तक्रार केल्यावर सल्लागाराने ‘कोणत्याही भाषेचे अक्षर’ असा युनिकोडचा (सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) वर्ग लावला, आणि तोही अपुरा ठरला, कारण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षरे नव्हेत, चिन्हे आहेत. त्यांचा वर्ग वेगळा आहे. परिणामी ‘रमण’ चालत होता आणि ‘मारुती’ नाकारला जात होता. तुमच्या फॉर्ममध्ये असा नियम असेल तर युनिकोड क्रमांकांतला ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा आणि ०सी८० ते ०सीएफएफ हा कन्नडचा पट्टा पूर्ण घ्या, आणि सोबत २००सी व २००डी ही दोन अदृश्य जोडचिन्हेही घ्या. काही कीबोर्ड ‘कऱ्हाड’मधला ऱ्ह २००डी वापरूनच लिहितात, आणि ते चिन्ह वगळले तर डोळ्यांना अचूक दिसणारा मजकूर नाकारला जातो व माणसाला कारण कळत नाही. त्याहून चांगले म्हणजे नावावर असा नियमच ठेवू नका. नावाने चुकीचा आकडा भरला जात नाही, मग त्याला एवढा पहारा कशासाठी?

लांबीचेही तसेच आहे. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचताना चार अक्षरांचे आहे, पण व्यंजने, हलन्त, काना, मात्रा वेगवेगळे मोजल्यामुळे संगणकासाठी ती दहा चिन्हे आहेत, आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत यातल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागत असल्यामुळे एकूण ३० बाइट होतात. एचटीएमएलची कमाल लांबी चिन्हे मोजते. आमची गेट पासची जुनी प्रणाली मात्र बाइट मोजत होती, आणि तिच्यातला ४० बाइटचा कप्पा तेरा चिन्हांतच भरत होता. म्हणून पोर्टलवर नीट भरलेले नाव छापील पासवर मध्येच तुटून येत होते आणि शेवटी एक चौकोन उमटत होता. पोर्टलच्या रकान्याची मर्यादा ठरवण्यापूर्वी तो मजकूर पुढे कोणत्या प्रणालीत जातो आणि तेथे लांबी कशी मोजली जाते, हे विचारून घ्या.

आडनावाचा रकाना सक्तीचा ठेवू नये, हे मला येथे राहिल्यामुळे आधीच माहीत होते. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे लिहितो. कर्नाटकात अनेक जण आधी आद्याक्षरे लिहितात आणि नंतर स्वतःचे नाव. आडनाव असतेच असे नाही. तीन सक्तीचे रकाने दिले की असा माणूस एका रकान्यात नुसता टिंब टाकतो आणि पुढे त्या टिंबाचीच नोंद राहते. पूर्ण नावाचा एकच रुंद रकाना द्या.

गावाच्या यादीचा घोळ आमच्या भागाचा खास आहे, पण धडा तुमच्याही उपयोगाचा आहे. बेळगाव शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, आणि आमच्या यादीत जुने व नवे असे दोन पर्याय स्वतंत्र नोंदी म्हणून आले होते, त्यामुळे एकाच कारखान्याच्या मागण्या अहवालात दोन ठिकाणी विभागल्या जात. पर्यायाचे पडद्यावर दिसणारे लेबल बदलावे, त्यामागची प्रणालीत साठवली जाणारी व्हॅल्यू बदलू नये. म्हणजे जुन्या नोंदी जागेवर राहतात.

हे सगळे मी लेखी मांडले तेव्हा प्रकल्पप्रमुखांचे उत्तर होते की लोकांना हळूहळू सवय होईल आणि पोर्टलचा वापर तर उत्तम चालू आहे. वापराच्या आकड्यांमागे काय होते ते मला ठाऊक होते. टाइम ऑफिसचा कारकून सगळ्यांचे फॉर्म स्वतःच्या लॉगिनने इंग्रजीत भरून देत होता, आणि कामगार पूर्वीसारखेच खिडकीसमोर रांगेत उभे होते. मागणी कोणी केली हे शोधले की एकच नाव येत होते. पोर्टल यशस्वी झाले की नाही हे मागण्यांच्या संख्येवरून ठरवू नका. किती वेगवेगळ्या माणसांनी स्वतः भरल्या ते पाहा.

उंची वाढवायची म्हटल्यावर सल्लागाराची हरकत तीच होती, जी तुमचीही आहे: मग फॉर्म एका स्क्रीनवर मावणार नाही. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते की रकाने दाबण्याऐवजी कमी करा. बुटांच्या मागणीत विभाग, कॉस्ट सेंटर, वरिष्ठांचे नाव, प्राधान्य, परिणाम असे सर्व विचारले जात होते. लॉगिन केलेल्या माणसाचा विभाग आणि वरिष्ठ प्रणालीला त्याच्या नोंदीवरून कळतात. बुटांच्या मागणीचे प्राधान्य कामगाराने का ठरवायचे? अखेर आमच्या कारखान्यापुरते फॉर्म आमच्याकडे आले तेव्हा त्यात माणूस, बुटाचा नंबर आणि कारण एवढेच ठेवले, माणूस आपोआप भरलेला. ठरावीक उंची काढून टाकली, अक्षर १६ पिक्सेलचे केले, ओळीची उंची १.६ ठेवली. फॉर्म एका स्क्रीनवर मावला. मामा आता स्वतः मागणी भरतात.

एकसारखेपणाचा मुद्दा मला आजही मान्य नाही. तो हवा असेल तर समान रकान्यांचा एक व्हेरिएबल सेट करून सर्व फॉर्मना जोडा, म्हणजे क्रम, नावे आणि नियम सगळीकडे सारखे राहतील. कोल्हापूरच्या आणि चेन्नईच्या पडद्यावर पिक्सेल सारखे असण्याने कोणाचेही काम सोपे होत नाही.

काही सूचना राहून गेल्या. सक्तीचा रकाना लपवताना त्याच पॉलिसीत त्याची सक्तीही काढा, कारण रिकामा सक्तीचा रकाना लपवता येत नाही. यूआय पॉलिसी ब्राउझरपुरती असते, त्यामुळे महत्त्वाची अट सर्व्हरवरही तपासा. सक्ती केवळ लाल रंगाने दाखवू नका, लेबलात शब्द किंवा खूण ठेवा. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी विरोध किमान ४.५ ला १ असावा. नमुन्याचा फिकट मजकूर लेबलाच्या जागी वापरू नका, टाइप करू लागले की तो नाहीसा होतो. मराठी मजकुराच्या भागाला भाषेचे चिन्ह म्हणून ‘एमआर’ द्या. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. तुमचे सर्व वापरकर्ते फक्त इंग्रजीत लिहीत असतील तर अक्षरे छाटली जाण्याचा त्रास तुम्हाला होणार नाही, पण टच स्क्रीन असेल तर लहान रकान्यावर बोट नेमके पडत नाही आणि हातमोजे असतील तर मुळीच नाही.

विजेट क्लोन करण्याविषयी: कंटेनर, पॉलिसी आणि थीम या तिन्हींनी न होणारे काम असेल तरच करा. क्लोनला मूळ विजेटच्या सुधारणा मिळत नाहीत, म्हणून का क्लोन केला आणि नेमके काय बदलले हे त्याच्या वर्णनात लिहून ठेवा, आणि प्रत्येक अपग्रेडच्या वेळी मूळ विजेटशी ताडून पाहा.