वॉल्व्ह फक्त रात्रीच लाल होत असतील तर आधी घरातलं व्होल्टेज मोजा

भाऊ, तुमची पोस्ट दोनदा वाचली. तुमच्या अँप्लिफायरमध्ये ईएल३४ या आउटपुट वॉल्व्हची जोडी, मे महिन्यात बायस (आवाज नसताना वॉल्व्हमधून जाणारा करंट) लावला तेव्हा सगळं नीट, पाऊस लागल्यापासून रात्री अकरा-बारानंतर दोन्ही वॉल्व्हच्या प्लेट (आतला बाहेरचा पत्रा) लाल, दिवसा मात्र काही नाही. आणि वर तिघांनी सल्ला दिलाय की नवी मॅच्ड (सारखा करंट घेणारी) जोडी घ्या. घेऊ नका. निदान आठवडाभर थांबा. माझ्या जुन्या पीए (सभा-समारंभाच्या लाउडस्पीकरच्या) अँप्लिफायरचं हेच झालं होतं आणि मी दोन जोड्या घालवल्या. पहिली भारत इलेक्ट्रॉनिक्सची, जुन्या स्टॉकमधली होती. तिची हळहळ अजून जात नाही.

बायस कसा मोजायचा ते तुम्हाला येतंच. कॅथोडला (वॉल्व्हच्या इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) १ ओहमचा रेझिस्टर लावलाय म्हणता, म्हणजे जेवढे मिलिव्होल्ट तेवढे मिलिअँपिअर. चूक तिथे नाही. मीही बरोबरच मोजलं होतं, फक्त चुकीच्या वेळी मोजलं.

मे महिना, संध्याकाळचे सात. गल्लीतला प्रत्येक कूलर चालू. मी अँप्लिफायर उलटा करून बसलो, प्लेटवर ४०० व्होल्ट आले. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट, तिचे ७० टक्के म्हणजे साडेसतरा. त्याला ४०० ने भागलं आणि प्रीसेट (बायस कमी-जास्त करायचा छोटा रेझिस्टर) ४३ मिलिअँपिअरवर आणून ठेवला. घरात त्या वेळी किती व्होल्ट येतायत हे पाहायचं सुचलंच नाही. नंतर मोजलं तर कूलरच्या वेळेला आमच्याकडे २०५ यायचे. पोळ्याच्या सुमारास कूलर बंद, पंखेसुद्धा अर्धेच चालू, तेव्हा मध्यरात्री २५१.

फिक्स्ड बायस (वेगळ्या निगेटिव्ह सप्लायवरून दिलेला) म्हटलं की वाटतं, तो आकडा कायमचा झाला. तसं नाही. बायसचं निगेटिव्ह व्होल्टेजही त्याच ट्रान्सफॉर्मरमधून येतं, त्यामुळे तेही वाढतं हे खरं. पण प्लेट आणि स्क्रीन (वॉल्व्हमधली दुसरी जाळी) यांचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात वाढतं, आणि वॉल्व्हचा करंट व्होल्टेजच्या दीडव्या घाताने चढतो. वॅट म्हणजे करंट गुणिले व्होल्टेज, म्हणजे अडीचवा घात. २०५ चे २५१ झाले की व्होल्टेज सव्वापटीच्या आतच असतं, पण वॅट दीडपटीच्या वर जातात. माझ्याकडे त्या रात्री प्लेटवर ४८५ आणि करंट ५६ मोजला. सत्तावीस वॅट. दिवा मालवला तर प्लेटच्या मधोमध, शिवणीच्या बाजूला, बोटाच्या पेराएवढा मंद लाल डाग दिसत होता आणि तो डोळ्यांदेखत पसरत होता. हीटरला (वॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्टच्या जागी ७.१ येत होते. तिथे दहा टक्के चढ-उतार चालतो, म्हणजे ६.९ पर्यंत; ७.१ नेही वॉल्व्हचं आयुष्य कमी होतं.

आता राग कशाचा ते सांगतो. एका दुरुस्तीच्या दुकानात मी तो पंचवीस किलोचा डबा दोनदा नेला. त्यांच्या टेबलावर सगळं स्टॅबिलायझरवर चालतं. तिथे दोन तास वाजला, काही झालं नाही. पहिल्यांदा म्हणाले वॉल्व्ह थकलेत, दुसऱ्यांदा म्हणाले तुम्ही आणलेली जोडी मॅच नाही. लाल कधी होतो, किती वाजता होतो, हा एक प्रश्न कोणी विचारला नाही. मी सांगायला गेलो तर म्हणे, वॉल्व्हला घड्याळ कळत नाही. पैसे दोन्ही वेळा घेतले.

मॅच्ड जोडीचं माझं मत स्पष्ट आहे. पुश-पुलमध्ये (दोन वॉल्व्ह आलटून पालटून काम करतात तिथे) दोघांत तीन-चार मिलिअँपिअरचा फरक असला तर बिघडत नाही. फार तर हम (स्पीकरमधली घुमघुम) थोडी वाढेल. त्यासाठी जादा पैसे मोजू नका.

तुमचे दोन्ही लाल होतात म्हणून मला व्होल्टेजचाच संशय आहे. एकच होत असता तर वेगळं बोललो असतो. तरी खात्री करून घ्या: दोन्ही ईएल३४ काढा, पुढचे छोटे वॉल्व्ह राहू द्या, सेट चालू करून दोन्ही सॉकेटच्या पाच नंबर पिनवर निगेटिव्ह व्होल्टेज बघा. एका बाजूला ते कमी भरलं तर कपलिंग कंडेन्सर (छोट्या वॉल्व्हकडून सिग्नल आणणारा) गळतोय, आणि तो गळत असताना प्रीसेट फिरवण्यात अर्थ नाही. बायस सप्लायचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर जुना असेल तर न तपासताच बदला. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो आधी सुकतो. फक्त लक्षात घ्या, त्याचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला (धातूच्या सांगाड्याला) असतं. सवयीने उलटा लावाल.

मग उपाय. चेसिसच्या आत ट्रान्सफॉर्मरच्या टॅगपट्टीवर २००, २२०, २४० असे (येणाऱ्या व्होल्टेजप्रमाणे निवडायचे) टॅप आहेत का पाहा. माझ्याकडे होते, आणि वायर कोणे एके काळी २२० ला सोल्डर करून तशीच राहिली होती. २४० ला नेली, २५१ च्या रात्रीही हीटरला ६.५ यायला लागले. टॅप नसेल तर नागपुरात सीताबर्डीत जुना डिमरस्टॅट (हाताने व्होल्टेज कमी-जास्त करायचा ट्रान्सफॉर्मर) मिळतो का बघा, नाहीतर सर्व्हो (मोटरने हळूहळू सावरणारा) स्टॅबिलायझर. रिलेवाला मला आवडत नाही, खटक्यागणिक व्होल्टेज उडी मारतं.

टॅप बदलला की बायस पुन्हा लावायचा, आणि तो व्होल्टेज सगळ्यात जास्त असेल तेव्हा. संध्याकाळी वॉल्व्ह थोडे थंड चालतील, हळू आवाजात किंचित कोरडं वाटेल, पण चालतील. मी आता खडूने चेसिसच्या आत लिहून ठेवतो: इतके मिलिअँपिअर, प्लेट इतकी, घरातले व्होल्ट इतके.

मी इंजिनियर नाही, एका सेटवर शिकलेला माणूस आहे. तुमच्याकडचा सर्किट डायग्राम पाहिलेला नाही. आत चारशेच्या वर व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतात, तेव्हा मोजताना एक हात खिशात ठेवा.

आज रात्री आठला आणि मग बाराला भिंतीच्या सॉकेटमधलं व्होल्टेज मोजा, बाराला प्लेट आणि दोन्ही कॅथोडचे आकडेही घ्या. इथे टाका, मी उद्या सकाळी बघतो. तोवर मोजण्यापुरता सोडला तर रात्री दहानंतर सेट लावू नका.