आत्याआजींच्या सेवेविषयी लिहिताना

बेळगाव

चिरंजीवीस अनेक आशीर्वाद.

वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी तुझ्या आत्याआजींवर लिहिलेला मसुदा मिळाला आणि सावकाश वाचला. भाषा चांगली आहे, जिव्हाळाही आहे. परंतु त्यात ‘रणरागिणी’ वारंवार येते, कित्तूरची राणी चन्नम्मा येते, आणि मेजर मॅडम मात्र फारशा कुठे भेटत नाहीत. मी त्यांना मॅडमच म्हणतो, कारण मी सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि त्या लष्करी परिचर्या सेवेत मेजर होत्या. पेन्शनीत आल्यावरही तो क्रम आमच्यात कधी सुटला नाही. राणी चन्नम्मांनी 1824 मध्ये जे केले ते त्यांच्या जागी थोरच आहे, पण लष्करी इस्पितळात रात्रपाळी करणाऱ्या अधिकाऱ्याची ओळख त्या उपमेने होत नाही. ती वाक्ये काढ आणि त्या जागी त्यांचे काम लिही.

‘भारतीय सैन्यात गेलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक’ हे वाक्यही काढावे लागेल. लष्करी इस्पितळांसाठी इंग्लंडहून परिचारिकांची पहिली तुकडी मुंबईत उतरली ती 1888 मध्ये. पुढे 1 ऑक्टोबर 1926 रोजी भारतीय लष्करी परिचर्या सेवा कायमस्वरूपी उभी राहिली आणि 1943 च्या अध्यादेशाने तिच्यातील परिचारिकांना कमिशन्ड अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला. मॅडम 1968 मध्ये लेफ्टनंट झाल्या, म्हणजे त्यांच्या आधी या वाटेने बऱ्याच जणी गेल्या होत्या. पहिलेपणाचा मान उगाच लावला, तर जाणकार वाचक तुझी पुढची खरी वाक्येही शंकेने वाचेल. तुझा घोटाळा कशामुळे झाला असावा तेही सांगतो. वैद्यकीय शाखांबाहेरच्या महिला अधिकाऱ्यांची पहिली तुकडी चेन्नईच्या अकादमीतून मार्च 1993 मध्ये बाहेर पडली आणि वर्तमानपत्रे ‘पहिल्या महिला अधिकारी’ म्हणतात ते बहुधा त्यांना. त्या गणतीत सिस्टर लोकांना धरायची कुणाला आठवण होत नाही. तुझ्या लेखाला खरा विषय हवा असेल तर तो इथे आहे.

आता कागद आणि पदके. त्यांची पदके कुंद्याच्या जुन्या डब्यात ठेवलेली मी पाहिली आहेत. ती बाहेर काढ, पण लख्ख करण्यासाठी चिंचेने किंवा पॉलिशने घासू नकोस. गोल पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरांत कोरलेले असते. घासून घासून ते पुसट होते, आणि मग पदक कुणाचे हे सांगायला काहीच उरत नाही. दिवसाच्या तिरप्या उजेडात धरून भिंगाने वाच. हुद्द्याकडे विशेष लक्ष दे, कारण पदक कोरले गेले तेव्हा त्या कोण होत्या हे त्यावरून कळते. ताऱ्याच्या आकाराचे आहे तो पूर्वी स्टार, 1971 मध्ये पूर्व आघाडीवर केलेल्या सेवेबद्दल मिळालेला. संग्राम पदक मात्र त्या युद्धकाळात सेवेत असलेल्या सर्वांसाठीच होते. म्हणून ‘युद्धातील शौर्याबद्दल दोन पदके’ असे जे तू लिहिले आहेस ते बरोबर नाही. ही शौर्यपदके नव्हेत, ती हजेरीची साक्ष आहेत, आणि डिसेंबर 1971 मध्ये पूर्वेकडील लष्करी इस्पितळात हजर असणे ही माझ्या मते लहान गोष्ट नाही.

पेन्शनची ऑर्डर, म्हणजे पीपीओ, शोध. तिच्यात हुद्दा, एकूण सेवा आणि निवृत्तीची तारीख एकाच कागदावर मिळेल. पत्ते पाहताना गोंधळू नकोस. 1946 च्या जन्मनोंदीत मुंबई प्रांत असेल, नेमणुकीच्या कागदात म्हैसूर राज्य आणि पेन्शनच्या कागदात कर्नाटक, कारण आपला जिल्हा 1956 मध्ये म्हैसूर राज्यात गेला आणि त्या राज्याचे नाव 1973 मध्ये बदलले. घर मात्र खानापूर तालुक्यातले तेच. सीमाप्रश्नावर तुला जे वाटते ते दुसऱ्या लेखात लिही. इथे एक ओळ खुलाशाची पुरे.

कामाविषयी मला जे ठाऊक आहे ते त्यांच्याच तोंडून. दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी त्या माझ्याकडे येत आणि मी भरलेला फॉर्म औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी वाचावी तसा दोनदा वाचून मगच सही करीत. युद्धातील जखम लगेच शिवत नाहीत, हे मला त्यांनी सांगितले. गोळीबरोबर माती आणि गणवेशाच्या चिंध्या आत जातात. म्हणून मेलेले मांस कापून, जखम साफ करून ती उघडीच ठेवतात आणि चार-पाच दिवसांनी, पू झालेला नाही याची खात्री झाल्यावर शिवतात. घाईने शिवलेली जखम आतून सडते. म्हणजे शस्त्रक्रिया सर्जनने केली, तरी मधल्या दिवसांत प्रत्येक खाटेपाशी जाऊन ती जखम पाहणे, तिचा वास ओळखणे, ताप चढतो आहे की उतरतो आहे हे टिपणे सिस्टरचे काम. सिरिंजा काचेच्या होत्या, त्या उकळाव्या लागत. गॉजच्या घड्या हातांनी घालून ड्रममध्ये निर्जंतुक करायच्या. ड्रेसिंगची ट्रॉली रात्री कुरकुरली की नुकतीच झोप लागलेले जवान जागे होत, म्हणून त्या पाळीच्या सुरुवातीला तिच्या चाकांना लिक्विड पॅराफिन लावीत. हे तुझ्या मसुद्यात नाही. घरी कधी बोलल्या नसतील; फौजेतला माणूस घरच्यांपेक्षा फौजेतल्या माणसाशी जास्त बोलतो.

आणखी हवे असेल तर त्यांच्याबरोबर काम केलेले नर्सिंग असिस्टंट आणि जुने रुग्ण शोध. 1971 मध्ये आजच्या बांगलादेशातील जमालपूरच्या लढाईत 1 मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, होती. त्या पलटणीचे जुने जवान आपल्या भागात किंवा चंदगड, गडहिंग्लजकडे भेटतील का, हे मराठा सेंटरच्या आसपासच्या माजी सैनिकांकडे चौकशी करून पाहा. भेटले तर ‘मॅडम कशा होत्या?’ असे विचारू नकोस, ‘चांगल्या होत्या’ एवढेच उत्तर येईल. वॉर्डात सकाळी पहिल्यांदा काय होत असे, जेवण कोण भरवत असे, घरी पत्र कोण लिहून देत असे, हे विचार.

लग्नाविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस की देशसेवेसाठी त्यांनी संसाराचा त्याग केला. हे तुला कुणी सांगितले? 1977 च्या एका लष्करी सूचनेत परिचर्या सेवेतील अधिकाऱ्याने लग्न केल्यास तिला सेवेतून कमी करण्याची तरतूद होती. ती 1995 मध्ये मागे घेण्यात आली. तिच्याखाली 1988 मध्ये नोकरी गमावलेल्या एका लेफ्टनंटला सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2024 मध्ये 60 लाख रुपयांची भरपाई देवविली आणि तो नियम उघड मनमानी ठरवला. मॅडम याच कारणाने अविवाहित राहिल्या असे मी म्हणत नाही. तुझ्या आजोबांना विचार; बहिणीविषयी त्यांना माहीत असेल, आणि सांगायचे नसेल तर तेही त्यांचे बरोबर आहे. मग नियम काय होता तेवढे लिही आणि ‘त्याग’ गाळ.

शेवटी तुमच्या गावच्या फलकाविषयी. आपल्या भागातील काही गावांत पहिल्या महायुद्धाला किती पुरुष गेले याच्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांत केवळ आकडा आहे. तुमच्या गावच्या नव्या फलकावर माजी सैनिकांची नावे आहेत आणि मॅडमचे नाव नाही. ‘सिस्टर म्हणजे काय सैनिक?’ असे कुणीतरी म्हणाले होते, हे त्यांनी मला हसत सांगितले, पण त्या दिवशी चहा न घेता उठल्या. ग्रामपंचायतीकडे पीपीओची प्रत आणि 1943 च्या अध्यादेशाचा उल्लेख जोडून अर्ज दे. अर्ज कन्नडमध्ये लागेल, तो मी लिहून देतो. पदकांचे फोटो काढशील तेव्हा कडेचाही काढ, आणि सुधारलेल्या मसुद्याबरोबर ते सगळे घेऊन पुढच्या रविवारी दुपारच्या आत ये.

तुझा हितचिंतक,
सुभेदार (निवृत्त)