कचऱ्यापासून खत करू पाहणाऱ्या नवख्यास

आपण यंत्रसामग्रीची चौकशी आधी केली आहे. माझ्या मते ती सर्वांत शेवटी करावी. आधी कच्च्या मालाचे मूळ तपासावे. भाजीपाल्याचा कचरा, शेण किंवा पालापाचोळा यांत फारसा धोका नसतो, परंतु कारखान्यातील गाळ घेणार असाल, तर शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांची प्रयोगशाळेतील तपासणी झाल्याशिवाय तो ढिगात मिसळू नये. जड धातू कुजत नाहीत. उलट, कुजताना सेंद्रिय वस्तुमान घटत गेल्यामुळे तयार खतात त्यांचे प्रमाण वाढलेलेच आढळते. चामड्याच्या किंवा धातुमुलाम्याच्या उद्योगातील गाळ फुकट मिळाला तरी नाकारावा. साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) मात्र उत्तम.

ढिगात कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे गुणोत्तर सुमारे २५ ते ३० ठेवावे, म्हणजे एक भाग नत्रास २५ ते ३० भाग कर्ब. अमोनियाचा उग्र वास येऊ लागला, की नत्र हवेत उडून जात आहे असे समजून भुसा किंवा वाळलेली पाने घालावीत. मूठभर माल घट्ट पिळल्यावर बोटांच्या फटींत एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली, तर आत हवा खेळत नाही. तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहणे आवश्यक आहे, आणि बाहेरचा थर थंडच राहत असल्याने ढीग वरखाली करणे टाळता येत नाही (हेच काम सर्वांना नकोसे वाटते).

ढीग थंड झाला म्हणजे खत तयार झाले, असे नव्हे. काही आठवडे मुरू द्यावे आणि त्यात बी पेरून उगवण पाहूनच ते शेतात न्यावे.