लहान मुलं असताना चित्रांसाठी वेळ कसा काढता? (पहाटे चारला उठून नाही!)

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. साडेतीन वर्षांचा मुलगा आणि अकरा महिन्यांची मुलगी सांभाळून जलरंगात काम कसं करायचं, ही एक. आणि जमतच नसेल तर ही चार-पाच वर्षं चित्रकला बाजूला ठेवावी का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर आधी देते. चित्रकला बाजूला ठेवू नका, जलरंग ठेवा.

माझी मुलगी आता सात वर्षांची आहे, मुलगा चारचा. पुण्यात वन बीएचके, नवऱ्याची नोकरी शिफ्टची. मी इथल्या अभिनव कला महाविद्यालयातून शिकले आणि मुलं होण्याआधी निसर्गचित्रंच करायचे. पहाटेच्या एसटीने वाई नाहीतर मेणवली गाठायची, घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं, ऊन चढायच्या आत चित्र उरकायचं. तुम्ही जलरंगवाल्या, तुम्हाला वेगळं सांगायला नको की एकदा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, टाकला की तो कुणासाठी थांबत नाही. आकाश ओलं आहे तोवरच ढग बसवायचे. तेवढ्यात बाथरूममधून ‘आई, झालीऽऽ’ अशी हाक येते. धुऊन, चड्डी घालून परत येईपर्यंत मे महिन्यात कागद खडखडीत वाळलेला असतो आणि आकाशाच्या मधोमध पाण्याची कडक कडा उमटलेली असते. जुलैत तोच वॉश किती तरी वेळ ओला राहतो, पण तेव्हा नेमकी दोघंही झोपलेली असतात आणि तुम्हीच पंख्याखाली कागद धरून उभ्या! ३०० जीएसएमचा जाड कॉटन कागद असा वाया घालवायला कोणाला परवडतो?

म्हणून माझं म्हणणं असं की वेळापत्रक नंतर बघू, आधी माध्यम बदला. लहान मुलांच्या घरात वेळ मिळतो, पण सलग मिळत नाही. दहा मिनिटं, मग वरण ऊतू जाणार, मग पंचवीस मिनिटं, मग भांडण. कुठेही सोडून उठता येईल आणि परत येऊन तिथूनच पुढे जाता येईल, असंच काम हातात हवं.

पहाटे चारला उठायचा सल्ला तुम्हाला सगळे देतात म्हणता. मलाही द्यायचे. देणाऱ्यांना रात्री दोनला दूध पाजायला उठायचं नसतं. अंगावर पिणारं बाळ असताना झोप तोडून काढलेल्या चित्रात थकवा दिसतो, शिवाय दुसऱ्या दिवशी पोरांवर ओरडणं होतं ते वेगळंच. मुलगी रात्रभर झोपायला लागली की बघा हवं तर.

आता माध्यमांचं. ॲक्रेलिक नको, कारण ते एकदा वाळलं की पाण्याने सुटत नाही. ब्रश तसाच टाकून पळालात की तो गेला. तैलरंग थांबतात, चांगले दिवसच्या दिवस थांबतात, पण वन बीएचकेत रांगतं मूल आणि उघडं टर्पेंटाइन एकत्र ठेवायचं माझं तरी धाडस नाही. लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापायचं चित्र) मला फार आवडतो आणि तो कितीही तुकड्यांत करता येतो, पण त्याची हत्यारं धारदार असतात. तुमचा मुलगा शाळेत गेला असेल तेव्हाच ती काढा.

मी पोस्टर कलरवर आले. परवडेल तेव्हा गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, एरवी साधे बाटलीतले पोस्टर कलर. कॉलेजात डिझाइनच्या असाइनमेंटला वापरून आपण ते विसरून जातो. पण वाळलेला रंग थेंबभर पाण्याने परत उठतो, फिकटावर गडद चढतो तसा गडदावर फिकटही चढतो, आणि कडा कुठे हवी ते तुम्ही ठरवता. दोन पथ्यं पाळायची. वरचा थर देताना ब्रश फार घासायचा नाही, नाहीतर खालचा रंग उठून गढूळ होतो. आणि थर जाड द्यायचा नाही, वाळल्यावर तडकतो. पॅलेट म्हणून मी झाकणाचा चपटा स्टीलचा डबा वापरते. तळाला ओल्या सुती फडक्याची घडी, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं की सकाळी कालवलेला रंग संध्याकाळपर्यंत सहज चालतो. उन्हाळ्यात मात्र तीन-चार दिवसांत फडक्याला वास यायला लागतो, ते बदलायचं. डबा बंद करून ओट्यावर सरकवला की माझा स्टुडिओ बंद.

दुसरं माध्यम पेन. तळहाताएवढी वही आणि वॉटरप्रूफ शाईचं पेन, खोडरबर नाही. झोपलेल्या मुलासारखं मॉडेल कोणत्याही कॉलेजात मिळत नाही. माझा मुलगा दुपारी पालथा झोपायचा, गाल गोधडीवर चेपलेला, ओठ त्यामुळे एका बाजूला सरकलेले, मूठ तोंडाशी. गालाची रेघ काढून होते न होते तोच मूठ सुटायची, बोटं एकेक करून उघडायची. मग त्याच पानावर, त्याच हातावर, नवी बोटं. असं करत करत एका हाताला दहा-बारा बोटं झालेली पानं माझ्याकडे आहेत. वाईच्या घाटापेक्षा मला आज ती पानं जास्त आवडतात, आणि त्यांतूनच पुढे गोधड्यांच्या चित्रांची मालिका झाली. गोधडीच्या ठिगळांवर धावदोऱ्याचे टाके काढणं हे तुकड्यातुकड्यांत करायला इतकं सोयीचं काम आहे की काय सांगू.

तुम्ही मोठ्या चित्रकार आयांची उदाहरणं दिली आहेत, ‘त्यांना कसं जमलं’ म्हणून. जर्मन चित्रकार केटे कोलविट्झचं बघा. १९०३ सालचं तिचं मेलेल्या मुलाला कवटाळणाऱ्या बाईचं एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र) आहे, त्यासाठी तिने आपल्या सात वर्षांच्या पीटरला हातावर घेऊन आरशात बघून रेखाटनं केली. इतकं अवघड होतं की ती कण्हायला लागली, तेव्हा त्या पोरानेच तिची समजूत घातली की चित्र छान होणार आहे. फार सुंदर गोष्ट आहे. पण कोलविट्झच्या घरी कायमची मदतनीस बाई होती, हे त्या गोष्टीबरोबर कोणी सांगत नाही. फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या गटातली बर्थ मोरिझो. तिला १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये मुलगी झाली आणि १८७९ च्या गटाच्या प्रदर्शनात ती नव्हती. त्या गटाची आठांपैकी तेवढं एकच प्रदर्शन तिचं चुकलं. त्याच सुमाराचं तिचं एक चित्र आहे, त्यात तिच्या मुलीला दाई दूध पाजते आहे. म्हणजे एक बाई पगारावर दूध पाजते आहे म्हणून दुसरीला ब्रश धरता येतोय, आणि ते तिने स्वतःच रंगवून ठेवलं आहे. अशी कोणतीही गोष्ट वाचलीत की पोळ्या कोण लाटत होतं ते आधी शोधा. आपल्या ओळखीतल्या पुरुष चित्रकारांच्या बाबतीत तर शोधावंही लागत नाही.

तेव्हा सलग वेळ हवाच असेल तर दुसऱ्या कोणीतरी मूल घेतलं पाहिजे, त्याला दुसरा उपाय नाही. सासूबाईंना मी आधी ‘जरा बघता का’ म्हणायचे. ‘जरा’ला त्या बिचाऱ्या दहा मिनिटं बघायच्या, त्यात त्यांचं काय चुकलं? मग ‘मंगळवार-शुक्रवार, तीन ते पाच’ असं ठरवून मागितलं आणि त्या वेळी घराबाहेर, मैत्रिणीच्या गॅलरीत जाऊन बसायला लागले. घरात असले की पोरं दाराशी, आणि सासूबाईही ‘साखरेचा डबा कुठे गं?’ तो वेळ फक्त अवघड कामाला ठेवायचा. रचना ठरवणं, मुख्य रंग लावणं, चेहरे. ट्रेसिंग, कागद कापणं, स्कॅनिंग, ईमेल हे सगळं मुलं आसपास असताना होतं.

सासूबाई गावी गेल्या तेव्हा पाळणाघर लावलं. घरात पहिला प्रश्न आला तो ‘चित्रांतून तेवढे पैसे सुटतात का?’ सुटत नव्हते. पण पाळणाघराची फी आईच्या कमाईतूनच का वजा करायची? मूल दोघांचं आहे, फी घरखर्चात. यावर आमचं भांडण झालं आणि ते झालं ते बरं झालं. नोकरी करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, अर्थात जिथे तो कायदा लागू आहे तिथे. फ्रीलान्सरला कसली रजा! एका प्रकाशकाने माझं बाळ दीड महिन्याचं असताना ‘आता घरीच असता ना, मग परवापर्यंत द्या’ असं सांगितलं होतं. आता मी फोनवरच तारीख सांगते, ती पटली तर काम, नाहीतर नाही.

प्रदर्शनाचं विचारलंत. एकटीचं सध्या नको. मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीसारख्या ठिकाणी आठवडाभर, सकाळी अकरापासून संध्याकाळी सातपर्यंत तिथे बसणं होतं, आणि अंगावर पिणारी मुलगी घेऊन ते फार जड जातं. तिघी-चौघी मिळून बालगंधर्व कलादालनासारखी गावातली जागा घ्या, पाळ्या लावून बसा. लहान आकाराची चित्रं तिथे विकलीही चटकन जातात.

राहिलं मुलांच्या हाताचं. माझ्या रंगांना हात लावायचा नाही, हे मुलीला सांगून कळायला चार वर्षं पूर्ण व्हावी लागली, म्हणून तुमच्या धाकटीबद्दल आशा ठेवू नका. ज्या ट्यूबवर कॅडमियम लिहिलंय (पुढे ‘ह्यू’ असेल तर तो बदली रंग असतो, त्यात कॅडमियम नसतं), फ्लेक व्हाइट, म्हणजे शिशाचा पांढरा, हे सगळं कुलपात. सॉफ्ट पेस्टल तर काढूच नका, त्याची पूड फरशीवर पडते आणि रांगणारं मूल तीच फरशी पुसून हात तोंडात घालतं. मुलांना वेगळे रंग, वेगळा ब्रश, पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा द्या आणि त्यांच्या चित्रात आपला ब्रश घालू नका, त्यांना राग येतो. पोस्टर कलर कपड्यांवरून बऱ्यापैकी निघतो. काळी इंडियन इंक मात्र माळ्यावर ठेवा. ती भिंतीवरून निघत नाही, फ्रॉकवरून निघत नाही, आणि भाड्याचं घर असेल तर डिपॉझिटमधून निघते.