मुलांना वॉर्डात ठेवायचं का, कधी, आणि मग घरी आल्यावर काय?

यावेळी आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच शब्द पुन्हा पुन्हा आहे: अ‍ॅडमिट. काही जणांनी तो लिहायचंही टाळलंय, 'ठेवावं लागेल का' एवढंच विचारलंय. म्हणून हे सदर पूर्ण त्याच विषयाला दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

माझी मुलगी पंधरा वर्षांची, दहावीला आहे. दिवाळीपासून शाळेचं नाव काढत नाही, दार लावून बसते. परवा तिचं अंथरूण आवरताना वही सापडली. त्यात 'मी नसते तर सगळ्यांचं बरं झालं असतं' असं लिहिलंय. हातावर ब्लेडचे ओरखडेही दिसले. मी काही बोलले नाही, कारण विचारलं तर नको ते डोक्यात येईल. हिला अ‍ॅडमिट करावं लागेल का? (एक आई, सांगली जिल्हा)

ताई, आधी तिला विचारा, आणि आजच विचारा. विचारल्यानं आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, हे नीट अभ्यासलं गेलेलं आहे. उलट हे कुणाला कसं सांगू या ओझ्यातून मूल थोडं मोकळं होतं. आडून आडून नको. 'वही माझ्या हाताला लागली. तुला मरून जावंसं वाटतं का गं?' एवढ्या सरळ शब्दांत विचारा. ती जे बोलेल ते ऐका. 'आम्ही तुला काय कमी केलं' हे वाक्य त्या रात्री तोंडातून येऊ देऊ नका.

ती हो म्हणाली, तर पुढचंही विचारायचं. कसं करायचं ते ठरवलंय का? कधी? यापूर्वी प्रयत्न केला होता का? यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर ओपीडीच्या तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असली तरी, सिव्हिल हॉस्पिटलच्या किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात जायचं. तोवर तिला एकटं सोडू नका आणि तिच्या खोलीची आतली कडी काढून टाका. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजोबांच्या बीपीच्या सुद्धा, कुलपात जाऊ द्या. फवारणीचं आणि उंदराचं औषध घरात, गोठ्यात, शेडमध्ये कुठेच ठेवू नका. तो तीव्र क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो, आणि त्या क्षणी हाताशी काय आहे यावर पुष्कळ काही ठरतं. तिनं काही घेतल्याचा नुसता संशय आला तरी लगेच हॉस्पिटलला न्या, ती ठीक दिसत असली तरी न्या. काही विषं एक-दोन दिवस काहीच दाखवत नाहीत आणि मग यकृत निकामी करतात. 'पोलीस केस होईल' म्हणून थांबलेले पालक मी पाहिले आहेत. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, जबाबही होतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायला सांगितलंय, तिला शिक्षा करायला नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. ओरखडे आहेत म्हणून वॉर्ड, असं होत नाही. बरीच मुलं आतलं दुःख सहन होत नाही म्हणून हात कापून घेतात. त्यातली पुष्कळ मुलं दर आठवड्याची भेट, समुपदेशन आणि गरज पडली तर औषधं यांवर घरीच सुधारतात. शाळेत न जाणं हे एकटं कारणही पुरेसं नाही. भरती करायची का हे ठरवताना मी प्रामुख्यानं हे पाहते: आजची रात्र हे मूल घरी सुरक्षित राहील का, आणि त्याच्याजवळ जागं राहील असं माणूस घरात आहे का. शिवाय खाणंपिणं बंद होऊन शरीर धोक्यात आलंय का, भास-भ्रम आहेत का, आणि बाहेरचे उपचार नीट करूनही घसरण चालूच आहे का, हेही बघते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत एखाद्या मुलाची अस्वस्थता वाढते, तेव्हा डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. ते घरी शक्य नसेल, आई-बाबा दोघंही कामावर आणि घरात फक्त थकलेली आजी असं असेल, तर थोडे दिवस वॉर्ड हाच समंजस निर्णय ठरतो. त्यात आई म्हणून तुमचं काही चुकलं असं मुळीच नाही.

मुलगा सतरा वर्षांचा, लातूरला नीटच्या क्लासला होता. हॉस्टेलवाल्यांनी बोलावून घेतलं. चार रात्री झोपलेला नाही, पंख्यात माईक लावलाय म्हणतो, आईच्या हातचंही खात नाही, विष घातलंय म्हणतो. भाऊकी म्हणते बाहेरचं आहे, देवर्षीकडे न्या. मनोरुग्णालयात नेलं तर पोराच्या नावाला कायमचा डाग लागेल. काय करू? (एक शेतकरी वडील, धाराशिवकडचे)

दादा, हे पत्र छापून येईपर्यंत थांबणं योग्य नव्हतं म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय. इथे लिहिते ते तुमच्यासारख्या इतरांसाठी.

या मुलाला भरती करायला हवं, आणि लवकर. नुकत्याच वयात आलेल्या मुलाला असं अचानक काही झालं की आधी शरीर तपासावं लागतं. ताप, डोक्याला मार, फिट, गांजा, थायरॉइड, मेंदूला आलेली सूज यांतलं काहीही अगदी असंच दिसू शकतं. म्हणून पहिली धाव जिथे बाकीचेही डॉक्टर आहेत अशा हॉस्पिटलकडे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, लातूरलाही आहे. आवरणं कठीण असेल तर १०८ ला फोन करा. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं हा पुढचा पर्याय आहे. गोव्याच्या वाचकांसाठी बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. कुठे जावं हेच कळत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मराठीत बोलता येतं.

भरतीची रीत त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ८७ मध्ये आहे, ती प्रत्येक पालकाला माहीत असावी. अठराच्या आतल्या मुलासाठी अर्ज पालक करतात. एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा एक डॉक्टर किंवा मानसिक आरोग्य व्यावसायिक, असे दोघं जण मुलाला स्वतंत्रपणे तपासतात, भरतीच्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत. आजार भरतीएवढा तीव्र आहे, भरती मुलाच्या हिताची आहे आणि बाहेर राहून भागणार नाही, असं दोघांचंही मत पडावं लागतं. मुलाला काय वाटतं तेही विचारात घ्यावं लागतं. त्याची व्यवस्था मोठ्या रुग्णांपासून वेगळी हवी. ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावं लागतं, आणि मुक्काम तीस दिवसांच्या पुढे गेला तर मंडळ स्वतः फेरतपासणी करतं. तुम्ही 'आता सोडा' म्हणालात तर सोडावं लागतं.

आणि यातलं सगळ्यात मोलाचं कलम: पालकानं किंवा पालकानं नेमलेल्या माणसानं पूर्ण मुक्कामभर मुलासोबत राहायचं असतं. मुलगी असेल आणि अर्ज वडिलांचा असेल तर सोबत बाईमाणूसच हवं. 'टाकून आलो' हा शब्द तुमच्या मूळ पत्रात (इथे ते थोडक्यात दिलंय) दोनदा आहे. तसं होतच नाही, तुम्ही त्याच्याबरोबर राहायला जाताय. दुसऱ्या आठवड्यात बापलेक खाटेवर बसून पत्ते खेळताना मी कितीदा तरी पाहिलेत. घरी दोन वर्षांत जेवढं बोलले नव्हते तेवढं ते तिथे बोललेले असतात.

देवाला नवस बोला, अंगारा लावा, माझी हरकत नाही. औषध मात्र थांबवायचं नाही. भूत उतरवायच्या नावाखाली कुणी मारलं, बांधलं, तर तो महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. अशा आजारात उपचाराविना गेलेला प्रत्येक महिना मुलाला महागात पडतो, डागाची काळजी त्यापुढे फार लहान आहे.

मी सतरा वर्षं दहा महिन्यांचा आहे. डॉक्टरांनी अ‍ॅडमिट व्हायला सुचवलंय. फोन काढून घेतात का? कोंडतात का? कॉलेजला कळतं का? आणि मी अठराचा झालो की? (पुणे)

तू स्वतः विचारलंस, मला फार बरं वाटलं. एकट्याला खोलीत कोंडून ठेवायला कायद्यानं सरळ बंदी आहे, साखळी वगैरे तर नाहीच. स्वतःला किंवा दुसऱ्याला तत्काळ इजा होत असेल आणि दुसरा काहीच उपाय नसेल, तरच डॉक्टरांच्या आदेशानं थोडा वेळ धरून किंवा बांधून ठेवता येतं, आणि त्याची नोंद करावी लागते. फोनचे नियम वॉर्डागणिक वेगळे असतात, चार्जरची वायर सहसा बाहेरच ठेवतात. पण आपल्या माणसांशी संपर्क ठेवायचा हक्क तुला आहे. नियम आधीच विचारून घे. कॉलेजला हॉस्पिटल काही कळवत नाही. सर्टिफिकेटवर आजाराचं नाव नको असं तू डॉक्टरांना सांगू शकतोस. मुक्कामात अठरा पूर्ण झाली तर तू 'स्वतंत्र रुग्ण' ठरतोस, म्हणजे संमती तुझी आणि डिस्चार्ज मागायचा हक्कही तुझा. वॉर्डात दिवस बराच कंटाळवाणा जातो, हे खरं सांगते. सकाळचा राउंड, गोळ्या, एखादं सेशन, मग लांबच लांब दुपार. एक-दोन पुस्तकं ने.

मुलगी सोळाची, दुसऱ्या जातीतल्या मुलाच्या मागे लागली आहे. घरात कुणाचं ऐकत नाही. महिनाभर भरती करून तिचं डोकं ठिकाणावर आणता येईल का? (एक वडील)

नाही. घरच्यांच्या किंवा समाजाच्या चालीरीतींशी न जुळणं हा मानसिक आजाराचा निकष होऊ शकत नाही, हे कायद्यातच लिहिलंय. कुणी असं करून देतो म्हणाला, तर त्या माणसापासून मुलीला लांब ठेवा. 'मुलं सुधारून देतो' म्हणणाऱ्या काही केंद्रांबद्दलही हेच सांगते. नोंदणीचा दाखला मागा, आणि पालकाला सोबत राहू देत नसतील तर तिथून मुलाला घेऊन परत फिरा. तुम्हा दोघांतलं बोलणं तुटलंय हे मला दिसतंय. त्यासाठी तुम्ही दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.

शॉक देतील का? आणि खर्च? (बऱ्याच पत्रांतून)

अल्पवयीन मुलांना विद्युत उपचार सहसा दिले जात नाहीत. अगदी निकडीचे वाटले तर पालकांची संमती आणि वर सांगितलेल्या पुनरावलोकन मंडळाची आगाऊ परवानगी, दोन्ही लागतात. भूल दिल्याशिवाय तर कुणालाच देता येत नाहीत. खर्चाचं म्हणाल तर, आरोग्य विम्यात शारीरिक आजाराच्याच धर्तीवर मानसिक आजारही धरायला हवा असं कायदा सांगतो. पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

मुलगा अठरा दिवसांनी घरी आला. आता शांत आहे. औषधं किती दिवस? सोमवारपासून शाळेत पाठवू? नातेवाईक भेटायला येतायत. (एक आई, नाशिक)

शांत आहे हे छान, पण सैल होऊ नका. हॉस्पिटलमधून आल्यानंतरचे पहिले काही आठवडे आत्महत्येच्या दृष्टीनं सर्वांत जोखमीचे असतात. तिथे रात्रंदिवस माणूस जवळ होतं, घरी आल्यावर 'झालं बरं' म्हणून सगळे आपापल्या कामाला लागतात. गोळ्या तुमच्या ताब्यात ठेवा आणि समोर बसून द्या. किती दिवस याचं उत्तर त्याच्या डॉक्टरांकडे आहे. बहुधा ते महिन्यांच्या भाषेत बोलतील. झोप लागतेय, हसतोय म्हणून मधेच बंद करू नका.

झोप कमी होणं, जेवण टाळणं, वस्तू वाटून टाकणं, पुन्हा दार लावून बसणं, असं काही दिसलं तर तारीख नसली तरी न्या. ही लक्षणं त्यालाच विचारून एका कागदावर लिहून काढा. 'मला परत बिघडायला लागलं की आधी काय होतं' हे मुलं आपल्याहून नेमकं सांगतात.

शाळा सोमवारपासून पूर्ण वेळ नको. वर्गशिक्षकांना आधी भेटून या, दोन तासांपासून सुरू करा, बुडालेला अभ्यास महिनाभर बाजूला ठेवा. मित्रांना काय सांगायचं ते त्यालाच ठरवू द्या. 'आजारी होतो, हॉस्पिटलमध्ये होतो' एवढं पुरतं, आणि ते खरंही आहे. नातेवाइकांना पंधरा दिवस थांबायला सांगा. मावशीला वाईट वाटेल, वाटू दे.

डिस्चार्ज कार्ड घेऊन बघा. पुढच्या भेटीची तारीख आठवड्याच्या आतली आहे का? तुम्ही ती लिहिलेली नाही, म्हणून विचारते. नसेल तर उद्या सकाळी फोन करून मागून घ्या.